वाचक विचारतात: उन्हात रंग उडाला, पण पाणी शुद्ध झालं का?

सांडपाण्यात पांढरी भुकटी टाकायची, उन्हात ठेवायचं, की पाणी स्वच्छ. प्रकाश-उत्प्रेरकांबद्दल एवढंच कानावर पडल्यामुळे बरीच पत्रं आली आहेत. त्यांतली सहा इथे घेतली आहेत.

उत्तरांआधी थोडं आतलं कामकाज. ही पांढरी भुकटी म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. तिच्या कणावर पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की त्यातला एक इलेक्ट्रॉन वरच्या पातळीत उडतो आणि त्याच्या जागी पोकळी राहते. ही पोकळी कणाला चिकटलेल्या पाण्याकडून इलेक्ट्रॉन खेचून घेते आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचा अतिशय क्रियाशील तुकडा तयार होतो. तो जवळच्या सेंद्रिय रेणूचा लचका तोडतो. उडालेला इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला जाऊन मिळतो. दोघांनाही वेळेत गिऱ्हाईक मिळालं नाही, तर ते पुन्हा एकमेकांना गाठतात आणि तो प्रकाश नुसती उष्णता होऊन जातो. बहुतेक प्रकाशाचं असंच होतं. पुढची सगळी उत्तरं या एका गोष्टीभोवती फिरतात.

प्रश्न: बीएस्सीच्या प्रकल्पासाठी रंगाच्या दुकानातून टायटॅनियमची पावडर आणली. मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाच्या पाण्यात टाकून दोन तास उन्हात ठेवली, तर रंग थोडाच उतरला. पावडर न टाकलेल्या बाटलीतलाही जवळपास तेवढाच उतरला. काय चुकलं?
— विद्यार्थिनी, सांगली

तुमची पावडरच चुकीची आहे. रंगवाल्याला टायटॅनियम डायऑक्साइड हवं असतं ते झाकण्याच्या ताकदीसाठी. त्याची उत्प्रेरकशक्ती त्याला नकोच असते, कारण ती रंगातला बाइंडर, म्हणजे रंग भिंतीला धरून ठेवणारा पदार्थ, खाते. मग भिंतीला हात लावला की पांढरं हाताला येतं. म्हणून रंगासाठीची पावडर बहुधा रुटाइल प्रकारची असते आणि तिच्या प्रत्येक कणावर ॲल्युमिना व सिलिकाचं आवरण चढवलेलं असतं. प्रकाश आत गेला तरी इलेक्ट्रॉन बाहेर येत नाही. तुम्हाला हवं आहे आवरण नसलेलं ॲनाटेज, म्हणजे याच पदार्थाचं दुसरं स्फटिकरूप. तिरुवनंतपुरमच्या त्रावणकोर टायटॅनियम कारखान्यात ॲनाटेज बनतं, पण तेही रंगद्रव्य म्हणूनच, म्हणजे कण मोठे. प्रयोगशाळांमध्ये तुलनेसाठी ‘पी-२५’ वापरतात. त्यात सुमारे ८० टक्के ॲनाटेज व बाकी रुटाइल, कण २० नॅनोमीटरच्या आसपास आणि एका ग्रॅमला पृष्ठभाग सुमारे ५० चौरस मीटर. ते मिळालं नाही तर रसायनविक्रेत्याकडे ‘नॅनो ॲनाटेज, आवरणाविना’ असं स्पष्ट लिहून मागा.

आता प्रयोग नीट मांडू. १०० मिलिग्रॅम मिथिलीन ब्लू एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवा. त्यातलं १०० मिलिलिटर घेऊन एक लिटर करा, म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅमचं द्रावण मिळेल. याहून गडद घेऊ नका, कारण गडद रंगात प्रकाश पावडरीपर्यंत पोहोचण्याआधीच रंग तो पिऊन टाकतो. प्रत्येकी २०० मिलिलिटरचे चार बीकर भरा. तिघांत प्रत्येकी १०० मिलिग्रॅम पावडर टाका, चौथ्यात काहीच नको. पावडर वाढवली तर काम वाढेल असं वाटतं, पण लिटरला एक-दीड ग्रॅमच्या पुढे पाणी दुधासारखं होतं, वरचा थर प्रकाश परतवतो आणि खालची पावडर अंधारात बसते.

पावडर टाकलेल्या तिघांपैकी एक बीकर उघड्या उन्हात ठेवा. दुसऱ्याला बाजूंनी व वरून ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळा. तिसरा पॉलिकार्बोनेटच्या पत्र्याखाली ठेवा आणि बाजूंनी फॉइल लावा. छपराला वापरतात तो पारदर्शक पत्रा चालेल. तो दृश्य प्रकाश सोडतो, अतिनील अडवतो. बिनपावडरीचा चौथा उघड्या उन्हात. हे चार नसतील तर निकालाला अर्थ नाही. फॉइलमधल्या बीकरातला रंग उतरला तर तो पावडरीला नुसता चिकटला. चौथ्यातला उतरला तर रंग स्वतःच उन्हाने उडाला. मिथिलीन ब्लू तसा उडतोच. पत्र्याखालचा उतरला तर रंगाने स्वतः प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन पावडरीला दिला, त्यात पावडरीची प्रकाश शोषण्याची करामत काही नाही.

सुरुवातीला पावडरीचे तिन्ही बीकर अंधारात ३० मिनिटं ढवळा. त्यानंतरचं वाचन हे तुमचं शून्य मिनिट. ही पायरी गाळल्यामुळे कितीतरी प्रकल्पांत ‘पहिल्या पाच मिनिटांत ४० टक्के’ असे आकडे येतात. मग ११ ते १ या वेळेत उन्हात ठेवा, ढवळणं थांबवू नका. उघड्या बीकरातलं पाणी एप्रिलच्या उन्हात पाहता पाहता आटतं आणि रंग परत गडद दिसायला लागतो. म्हणून बाहेरून पातळीची खूण करा. नमुना काढायच्या आधी खुणेपर्यंत ऊर्ध्वपातित पाणी घाला आणि नमुना काढल्यावर नवी खूण करा. बीकर पाण्याच्या परातीत ठेवले तर तापणार नाहीत.

०, १०, २०, ३०, ४५ आणि ६० मिनिटांना ३-३ मिलिलिटर काढा. पावडर वेगळी करण्यासाठी सेंट्रिफ्यूज वापरा. सिरिंज फिल्टर वापरणार असाल तर ०.२२ मायक्रॉनचा घ्या, पण तो निळा रंग स्वतःकडे ओढतो. त्यासाठी मूळ द्रावण आधी त्यातून गाळून बघा, आधीचं आणि नंतरचं वाचन जुळलं तरच तो फिल्टर घ्या. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ६६४ नॅनोमीटरला वाचन घ्या आणि ८००लाही घ्या. ८००ला मिथिलीन ब्लू काही शोषत नाही. तिथे शून्याच्या वर आकडा आला तर पावडर अजून पाण्यात तरंगते आहे.

आणि आता महत्त्वाचं. २०० ते ८०० नॅनोमीटरचा पूर्ण आलेख काढा. ६६४चं शिखर खाली येतायेता ६५०कडे सरकलं, तर रेणूवरचे मिथिल गट एकेक करून गळताहेत, पण सांगाडा शाबूत आहे. ६६४चं गेलं आणि २९२च्या आसपासचं राहिलं, तर रंग देणारा भाग तुटला, रेणूतल्या कड्या (अणूंची वलयं) मात्र तशाच आहेत. शिवाय ढवळणं कमी पडून ऑक्सिजन संपला, तर मिथिलीन ब्लू न तुटताच बिनरंगी रूपात जाऊ शकतो. बिनरंगी झालेला नमुना उघड्या हवेत जोराने हलवा. निळसर छटा परतली तर तुम्ही काहीच नष्ट केलेलं नाही. रेणू पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड झाला की नाही, हे एकूण सेंद्रिय कार्बन (टीओसी) मोजूनच सांगता येतं. लिटरला १० मिलिग्रॅम रंगाची सीओडी (पाण्यातली घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) इतकी कमी असते की नेहमीची डायक्रोमेट पद्धत तिथे डळमळते. महाविद्यालयात टीओसीचं यंत्र नसेल तर अहवालात ‘विरंगीकरण’ असंच लिहा, ‘शुद्धीकरण’ लिहू नका.

प्रश्न: आमचं छोटं प्रोसेस हाऊस (कापड रंगवण्याचा कारखाना) आहे, रोजचं ५० हजार लिटर पाणी. एक जण म्हणतो, सोलर कॅटलिस्टचे पॅनेल लावा, ईटीपीची (सांडपाणी प्रक्रिया केंद्राची) गरजच नाही. खरं आहे का?
— कारखानदार, इचलकरंजी

नाही. का नाही, ते आकड्यांत पाहा, म्हणजे समोरच्याशी बोलायला बरं.

तुमच्या कच्च्या पाण्याची सीओडी लिटरला १,००० मिलिग्रॅम धरू. ५० हजार लिटरला रोज ५० किलो ऑक्सिजनचं काम झालं. इलेक्ट्रॉनांच्या हिशेबात ते सुमारे ६,२५० मोल. आता ऊन. स्वच्छ दिवशी कामाचं अतिनील चौरस मीटरला साधारण ३० वॅट धरतात. सहा तासांत ते सुमारे २ मोल फोटॉन होतात. शंभरातले पाच फोटॉन कामी आले असं धरू. तुमच्यासारख्या पाण्यात हे धरणंसुद्धा उदारपणाचं आहे. म्हणजे एका चौरस मीटरला रोज ०.१ मोल. भागाकार केला की जागा लागते ६२,५०० चौरस मीटर, पंधरा एकरांहून जास्त. आणि तीही पावसाळा वगळून.

त्यातून तुमचं पाणी या पद्धतीला सगळ्यांत अवघड. रिॲक्टिव्ह डाइंगच्या बाथमध्ये लिटरला ४० ते ८० ग्रॅम मीठ किंवा ग्लोबर सॉल्ट पडतं, सोडा ॲशमुळे पीएच साडेदहा-अकरा असतो. कार्बोनेट आणि बायकार्बोनेट हायड्रॉक्सिल रॅडिकलला वाटेतच गाठतात, क्लोराइडही आपला वाटा घेतं. शिवाय पी-२५ सारख्या पावडरीचा पृष्ठभाग पीएच साडेसहाच्या वर ऋणभारित असतो आणि तुमचे रिॲक्टिव्ह रंगही ऋणभारित, म्हणून ते कणाजवळ फिरकत नाहीत. पाणी आम्लाकडे नेलं तर चिकटतात, पण तेवढं आम्ल रोज ओतायचं आणि मग परत उदासीन करायचं, त्याचा खर्च वेगळा आणि क्षार आणखी वाढतात ते वेगळे.

मुख्य म्हणजे विरघळलेले क्षार या उत्प्रेरकाला तुटतच नाहीत. २०१६च्या केंद्रीय अधिसूचनेत कापडप्रक्रिया उद्योगाला लिटरला सीओडी २५०, बीओडी (जिवाणूंना घाण खायला लागणारा ऑक्सिजन) ३० आणि विरघळलेले क्षार २,१०० मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे. तुमच्या प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात याहून कडक अट असू शकते, ती आधी वाचा. पॅनेलमधून पाणी काचेसारखं बाहेर आलं तरी क्षारांचा आकडा जिथल्या तिथे असेल. पंचगंगेकाठच्या विहिरीला आणि शेताला तो आकडा भोगावा लागतो, रंग दिसो वा न दिसो.

या पद्धतीची खरी जागा सगळ्यात शेवटी आहे. समतोल टाकी, रासायनिक निवळणी, जैविक प्रक्रिया आणि गाळणी झाल्यावर जे थोडं चिवट उरतं, जे जिवाणू खात नाहीत, ते तोडायला. वरच्याच हिशेबाने लिटरला २० मिलिग्रॅम सीओडी उतरवायची असेल तर १,२५० चौरस मीटर पुरतात, म्हणजे सव्वाबारा गुंठे. ते शक्य कोटीतलं आहे. तिथेही आधी ओझोन आणि फेंटन यांच्याशी खर्चाची तुलना करा. फेंटनला फेरस सल्फेट, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि तीनच्या आसपासचा पीएच लागतो, ऊन नसलं तरी चालतं. गाळ मात्र होतो.

विक्रेत्याला बाटल्यांचे आधी-नंतरचे फोटो मागू नका. तुमच्याच कारखान्यातलं, गडद रंगाच्या पाळीचं पाणी द्या. त्याची सीओडी, टीओसी आणि क्षार मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासा. तीच पावडर, तेच पाणी, पण झाकून ठेवलेला नमुनाही सोबत तपासायला लावा. दोन्हींत सारखीच घट आली तर तुम्ही महागडं शोषक विकत घेताय, तो भरला की संपला. आणि पावडर पाण्यात सोडायची पद्धत असेल तर एक साधा प्रश्न विचारा: लिटरला अर्धा ग्रॅम म्हटलं तरी रोजची २५ किलो झाली, ती परत कशी मिळवणार? त्यातली एक टक्का निसटली तरी रोज पाव किलो नदीत.

ॲझो रंगांबाबत (रेणूत दोन नायट्रोजन अणूंचा बंध असलेले रंग) एक धोकाही लक्षात असू द्या. ॲझो बंध तुटला की रंग जातो, पण काम अर्धवट राहिलं तर काही रंगांपासून ॲरोमॅटिक अमाइन उरतात आणि त्यांतली काही मूळ रंगापेक्षा विषारी असतात. रंगीत पाणी निदान डोळ्यांना दिसतं.

प्रश्न: आमच्या घरच्या प्युरिफायरमध्ये यूव्ही आहे. हे तेच का? टाकीत ही पावडर टाकली तर?
— गृहिणी, पुणे

ते वेगळं. तुमच्या यंत्रातली नळी २५४ नॅनोमीटरचा प्रकाश देते आणि तो थेट जंतूंच्या डीएनएवर मारा करतो. त्यात उत्प्रेरक नाही आणि विरघळलेली रसायनं त्याने फारशी तुटत नाहीत. पिण्याच्या टाकीत पावडर अजिबात टाकू नका. टाकीत ऊन नसल्यामुळे ती काम करणार नाही आणि घरगुती गाळणीतून निसटून पेल्यात येईल. यंत्र उघडं असताना नळी सुरू करून तिच्याकडे बघू नका, डोळ्यांना आणि कातडीला भाजतं.

प्रश्न: सूर्यप्रकाशात अतिनील इतकं थोडं, मग दृश्य प्रकाशावर चालणारे उत्प्रेरक का वापरत नाहीत? झिंक ऑक्साइड तर किती स्वस्त!
— रसायनशास्त्राचे शिक्षक, रत्नागिरी

ॲनाटेजचा ऊर्जापट्टा, म्हणजे इलेक्ट्रॉनला वर उडवायला लागणारी किमान ऊर्जा, ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणून त्याला ३८७ नॅनोमीटरपेक्षा आखूड लांबीचा प्रकाश लागतो. उन्हात तो जेमतेम ४-५ टक्के. तरी १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन दाखवलं, १९७७ मध्ये फ्रँक आणि बार्ड यांनी त्याच्या भुकटीने पाण्यातलं सायनाइड तोडून दाखवलं आणि तेव्हापासून हेच टिकून आहे. कारण ते विरघळत नाही, झिजत नाही, विषारी नाही.

झिंक ऑक्साइड पहिल्या दिवशी टायटॅनियमच्या तोडीस तोड चालतं. पण आम्लात विरघळतं, तीव्र अल्कलीत विरघळतं आणि प्रकाश पडला की स्वतःच झिजून जस्त पाण्यात सोडतं. वर्गात दाखवायला, उदासीन पाण्यात, एक-दोन वेळा वापरायला ठीक. कॅडमियम सल्फाइडच्या वाटेला जाऊच नका. ते दृश्य प्रकाश छान शोषतं आणि त्याच प्रकाशात कॅडमियम सोडतं.

शाळा-महाविद्यालयाला जमेल असा दृश्य प्रकाशाचा उत्प्रेरक म्हणजे ग्राफाइटी कार्बन नायट्राइड. पट्टा २.७, म्हणजे ४६० नॅनोमीटरपर्यंतचा निळा प्रकाश चालतो. मेलामाइन झाकणाच्या क्रुसिबलमध्ये घालून मिनिटाला ५ अंश या गतीने ५५० अंश सेल्सियसपर्यंत न्यायचं आणि चार तास ठेवायचं. फिकट पिवळी ढेप मिळते, ती खलून घ्यायची. अमोनिया भरपूर सुटतो, त्यामुळे भट्टी धुराड्याखालीच हवी. झाकण सैल राहिलं तर बराचसा माल उडून जातो.

पण चाचणीला मिथिलीन ब्लू घेऊ नका. रंग स्वतः दृश्य प्रकाश पितो, मग काम उत्प्रेरकाने केलं की रंगानेच, हे कळत नाही. फिनॉल किंवा सॅलिसिलिक आम्ल घ्या. दोन्ही बिनरंगी, फसवत नाहीत.

प्रश्न: पावडर गाळायचा त्रास नको म्हणून काचेच्या गोट्यांवर लेप दिला. दोन दिवसांत पाणी पांढरं झालं.
— पदविका विद्यार्थी, सोलापूर

लेप भाजला नसावा, किंवा एकाच वेळी जाड दिला असावा. १०० मिलिलिटर पाण्यात दीड ग्रॅम पी-२५ घ्या, विरल नायट्रिक आम्लाने पीएच ३ करा आणि अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ३० मिनिटं ठेवा. आम्ल कशासाठी, तर त्या पीएचला कण एकमेकांना दूर ढकलतात आणि गुठळ्या होत नाहीत. गोट्या साबणाने, मग विरल कॉस्टिकने धुवा. बोटांचा तेलकटपणा राहिला तर तिथूनच पोपडा सुटतो. बुडवा, निथळा, ११० अंशांवर वाळवा, मग ४५० अंशांवर तासभर भाजा आणि भट्टीतच थंड होऊ द्या. असे तीन पातळ थर द्या. शेवटी ढवळत्या पाण्यात तासभर धुवा आणि आधीच्या-नंतरच्या वजनावरून लेप किती टिकला ते लिहा.

साध्या काचेतलं सोडियम भाजताना लेपात शिरतं आणि उत्प्रेरक मंदावतो, त्यामुळे गोट्या बोरोसिलिकेटच्या घ्या. ६०० अंशांच्या पुढे जाऊ नका, ॲनाटेज रुटाइलकडे झुकायला लागतं आणि पृष्ठभागही घटतो. एवढं करूनही वेग मोकळ्या पावडरीपेक्षा कमीच येईल, कारण रेणूला गोटीपर्यंत चालत यावं लागतं. पाणी सतत फिरतं ठेवा.

दिव्याबद्दलही तुम्ही विचारलं आहे. माश्या मारायच्या यंत्रातल्या नळ्या ३६५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश देतात, त्या चालतात आणि स्वस्त पडतात. मात्र त्यांचं अतिनील काही महिन्यांत उतरतं, निळी चमक तशीच दिसत राहते. म्हणून यूव्ही-ए मीटरने मोजा, डोळ्यावर भरवसा नको.

प्रश्न: द्राक्षबागेत फवारणीनंतर पंप आणि डबे धुतलेलं पाणी ओढ्यात जातं, ते खटकतं. त्याला ही पद्धत चालेल का?
— बागायतदार, नाशिक

पाणी थोडं, ऊन भरपूर, विष चिवट: ही पद्धत ज्यासाठी आहे तसंच हे पाणी आहे. दक्षिण स्पेनमध्ये अल्मेरियाच्या हरितगृहांच्या भागात कीटकनाशकांचे डबे धुतलेल्या पाण्यासाठी सौर प्रकल्प उभारला गेला. तिथे काचनळ्यांमागे दोन वाकांचे आरसे बसवतात, त्यामुळे विखुरलेला प्रकाशही नळीवर पडतो. टायटॅनियम वापरलं तर लिटरला ०.२ ग्रॅम पुरतं. बरेचदा त्याऐवजी लोह आणि पेरॉक्साइडचं प्रकाश-फेंटन घेतात, ते वेगाने चालतं.

पण एकट्या शेतकऱ्याने हे बागेत उभारावं असं आम्ही सांगणार नाही. कोणतं औषध किती तुटलं हे तपासायला प्रयोगशाळा लागते. बोर्डो मिश्रणातलं तांबं आणि मॅन्कोझेबमधलं मँगनीज व जस्त कितीही ऊन दिलं तरी धातूच राहतात. आजपासून करण्याजोगं असं: डबा रिकामा झाला की पाव भरून पाणी घ्या, झाकण लावून ३० सेकंद हलवा, ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओता, असं तीनदा. पंपाचं धुवणही थोड्या थोड्या पाण्यात तीनदा करा आणि त्याच बागेत फवारून टाका. ओढ्यात जाण्यासाठी काही उरणारच नाही. गावातल्या फवारणी गटाने किंवा सोसायटीने एकत्र धुण्याची जागा केली, तर तिथे सौर प्रक्रियेचा विचार अभियंत्याला घेऊन जरूर करावा.

सांगलीच्या विद्यार्थिनीने जाता जाता विचारलेलं एक राहिलं: प्रयोगानंतरचं पांढरं पाणी बेसिनमध्ये ओतायचं का? ओतू नका. पीएच साडेसहाच्या जवळ आणा, त्या ठिकाणी कणांवरचा भार जवळपास शून्य होतो, ते एकमेकांना चिकटतात आणि रात्रभरात तळाशी बसतात. वरचं पाणी अलगद ओतून घ्या. गाळ दोनदा धुवा, १०० अंशांवर वाळवा, निळसर दिसला तर ४०० अंशांवर भाजा आणि पुन्हा वापरा. वाळलेली पावडर खलताना एन-९५ मास्क लावा, ही धूळ छातीत जाता कामा नये. डब्यावर कितव्यांदा वापरली ते लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी वेग कमी आला तर कारण शोधायला सोपं जाईल.